सशाच्या ताटातला चोथा

नवी मुंबईत बेलापूरच्या टोकाला, पनवेल खाडीच्या काठावर, दिवाळे हे कोळी बांधवांचे जुने गाव आहे. आजूबाजूला उंच इमारती आल्या, पण गावात अजूनही मासळीबाजार भरतो, होड्या लागतात, जाळी वाळत पडलेली दिसतात. या गावातली आठवीतली एक विद्यार्थिनी एकदा वर्गाबाहेर थांबून राहिली. तिच्या घरी एक पांढरा ससा होता.

"सर, त्याचं पोट सारखं बिघडतं. मऊ मऊ करतो, मागे चिकटून बसतं. आई रोज धुऊन काढते. दुकानात खाण्याच्या दोन पिशव्या आहेत. कुठली घेऊ?"

एका पिशवीत मक्याचे दाणे, वाटाणे, रंगीत चकत्या असे मिश्रण होते. दुसरीत नुसत्या हिरवट-तपकिरी, एकसारख्या कांड्या होत्या. दुकानदार त्यांना 'पेलेट' म्हणत होता. मी विज्ञानाचा शिक्षक. मला वाटले, उत्तर सोपे आहे. मी म्हणालो, "दोन्ही पिशव्यांवर प्रथिनं किती लिहिली आहेत ते बघ. जास्त असतील ती घे." प्रथिने मिश्रणात जास्त होती. तिने ती पिशवी घेतली. पंधरा दिवसांच्या आत ससा गेला.

माझ्या सल्ल्यानेच तो गेला असे मी म्हणू शकत नाही. पण सल्ला चुकीचा होता, हे मात्र आज नक्की म्हणू शकतो. तो का चुकला हे शोधताना लक्षात आले, की माझ्यासारखीच चूक शास्त्रज्ञांनीही बराच काळ केली होती. सशाला काय खायला घालावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला थोडा भाग आपल्या मुंबईतही घडला आहे.

एक शब्द, दोन प्राणी

आधी एक घोळ दूर करू या. मराठीत आपण 'ससा' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो. आपल्या माळरानावर दिसतो तो रानससा. तो बिळे खणत नाही, आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. 'शश' या संस्कृत शब्दातला आणि चंद्राच्या 'शशांक' या नावातला ससा हाच. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला पकडता किंवा पाळता येत नाही.

पिंजऱ्यात दिसणारा पांढरा किंवा करडा ससा मूळचा युरोपातल्या स्पेन-पोर्तुगालच्या भागातला. तो जमिनीखाली बिळे करून राहतो. त्याची पिल्ले उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. तो आपल्याकडे माणसाने आणला. सुक्या, निकस गवतावर जगणे ही त्याची मूळ सवय आहे. पुढची सगळी गोष्ट या सवयीभोवतीच फिरते.

आणखी एक गैरसमज. बरेच विद्यार्थी सशाला उंदरा-घुशींबरोबर 'कृंतक' गटात टाकतात. पूर्वी शास्त्रज्ञही टाकत. पण सशाच्या वरच्या जबड्यात पुढच्या दोन पटाशीच्या दातांमागे आणखी दोन बारीक दात लपलेले असतात. अशा फरकांवरून १९१२ मध्ये गिडली या अमेरिकी शास्त्रज्ञाने सशांचा गण वेगळा असल्याचे ठामपणे मांडले. सशाचे सगळे दात, दाढांसकट, आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवायला भरपूर चावावे लागते. मऊ, पिठूळ खाद्याने ते झिजत नाहीत.

बर्नारच्या टेबलावरचे ससे

सशाच्या आहाराकडे विज्ञानाने नीट पाहिले ते एका अपघाताने. १८४६ च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बाजारातून काही ससे आणले गेले. टेबलावर ठेवताच त्यांनी मूत्रविसर्जन केले. बर्नारचे लक्ष त्या मूत्राकडे गेले. ते स्वच्छ आणि आम्लधर्मी होते.

यात नवल कसले? नवल असे, की गवत खाणाऱ्या प्राण्यांचे मूत्र गढूळ व अल्कधर्मी असते. स्वच्छ, आम्लधर्मी मूत्र मांसाहारी प्राण्यांचे. मग हे ससे मांसाहारी कसे झाले? बर्नारने तर्क केला, की बाजारात त्यांना बराच वेळ काही खायला मिळाले नसावे. उपाशी प्राणी स्वतःच्याच शरीरातील साठ्यावर जगतो, म्हणजे एका अर्थी स्वतःचेच मांस खातो.

तर्कावर तो थांबला नाही. त्याने सशांना गवत दिले. काही तासांत मूत्र गढूळ व अल्कधर्मी झाले. पुन्हा उपाशी ठेवले, मूत्र पुन्हा स्वच्छ व आम्लधर्मी. मग त्याने सशांना उकडलेले मांस खाऊ घातले, तेव्हाही ते आम्लधर्मीच राहिले. या मांस खाल्लेल्या सशांचे विच्छेदन करताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. आतड्यापासून निघणाऱ्या रसवाहिन्या चरबीमुळे पांढऱ्या दिसतात, पण सशात त्या जठरापासून बऱ्याच अंतरानंतर पांढऱ्या होऊ लागत होत्या. सशात स्वादुपिंडाची नलिका नेमकी तिथेच आतड्याला मिळते. स्वादुपिंडाच्या रसाचा चरबीच्या पचनाशी संबंध आहे, हे त्याला यातून सुचले. ही हकीकत त्याने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रायोगिक वैद्यकावरील ग्रंथात सांगितली आहे.

निरीक्षण, तर्क, पडताळा ही वैज्ञानिक पद्धत वर्गात शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला धडा वेगळा आहे. ससा काही तास उपाशी राहिला की त्याचे सगळे शरीर बदलू लागते. त्याच्या आतड्यात सतत काहीतरी सरकत राहावे लागते.

परळचे ससे

आता मुंबईकडे येऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मूळचे रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचे जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना सरकारने पाचारण केले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी काम सुरू केले. डिसेंबरपर्यंत त्यांनी बनवलेली लस सशांवर यशस्वी ठरली. मग १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून ती 'हाफकिन इन्स्टिट्यूट' या नावाने ओळखली जाते.

म्हणजे मुंबईतल्या माणसांच्या आधी ती लस सशांनी घेतली होती. जगभर तेच चालले होते. पाश्चरने रेबीजची लस सशांच्या मज्जारज्जूपासून बनवली होती. विसाव्या शतकात प्रयोगशाळांमधील सशांची संख्या वाढत गेली, आणि या सर्वांना खायला काय द्यायचे हा प्रश्न उभा राहिला. त्या काळी उत्तर साधे होते: कोबीची पाने, गाजर, गवत, थोडे धान्य, जे बाजारात स्वस्त मिळेल ते.

ते किती महागात पडू शकते हे १९२८ मध्ये कळले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ॲलन चेस्नी व त्यांचे सहकारी सशांवर उपदंश रोगाचा अभ्यास करत होते. त्यांच्या सशांच्या गळ्याशी गाठी दिसू लागल्या. त्या अवटू ग्रंथीच्या होत्या, म्हणजे सशांना चक्क गलगंड झाला होता. त्याचा उपदंशाशी काही संबंध नव्हता. कारण निघाले रोजच्या आहारातील कोबी. कोबीवर्गीय भाज्यांतील काही द्रव्ये अवटू ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, हे ज्ञान या निरीक्षणातून पुढे विकसित झाले.

प्रयोगशाळांनी यातून घेतलेला धडा असा: प्राण्याचे खाणे बदलले तर प्रयोगाचे उत्तरही बदलते. तेव्हा सर्व प्राण्यांना, रोज, एकसारखेच खाद्य मिळाले पाहिजे. सगळे घटक दळून, मिसळून, वाफ व दाब देऊन साच्यातून काढलेली कांडी हा त्यावरचा उपाय होता. कांडी खाताना ससा आवडीचा घटक वेचून नावडता टाकू शकत नाही. प्रत्येक घासात ठरलेले प्रमाण असते. पशुखाद्याच्या कारखान्यांत हे तंत्र दोन महायुद्धांच्या दरम्यान रुळले आणि पुढे प्रयोगशाळांत सर्वत्र गेले.

आपल्याकडेही हेच झाले. भारतीय शोधनिबंध चाळले तर प्रयोगपद्धतीच्या भागात जुन्या काळी मुंबईच्या हिंदुस्थान लिव्हरचे 'गोल्ड मोहर', पुण्याच्या नव महाराष्ट्र चाकण ऑइल मिल्सचे खाद्य, आणि नंतर सांगलीचे 'अमृत' ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. देशभरच्या प्रयोगशाळांतले उंदीर आणि ससे महाराष्ट्रात बनलेल्या कांड्यांवर वाढले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

विसरलेली नोंद

पण सशाच्या पोटात नेमके काय चालते, हे या काळात फार थोड्यांना ठाऊक होते. खरे तर ते १८८२ सालीच लिहून झाले होते.

शार्ल मोरो या फ्रेंच पशुवैद्याला सशांच्या जठरात मऊ, चकचकीत गोळ्या सापडल्या. त्याने बारकाईने पाहिले आणि ओळखले, की ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक आपल्याला पिंजऱ्यात दिसते ती, कोरडी, कडक, गोल. दुसरी मऊ, ओलसर, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी. ही दुसरी लेंडी ससा जमिनीवर पडू देत नाही. तोंड खाली नेऊन गुदद्वारापासूनच ती उचलतो आणि न चावता गिळतो. मोरोने हे एका पशुवैद्यकीय नियतकालिकात छापले. पुढे चार वर्षांनी, १८८६ मध्ये, परळला मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण मोरोची ही नोंद ना युरोपात फारशी कुणी वाचली, ना इतरत्र. ती जवळजवळ साठ वर्षे तशीच पडून राहिली.

१९३९ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात मॅडसेन आणि टेलर यांची टिपणे आली. मथळा होता प्रश्नार्थक: ससा रवंथ करतो काय? बायबलमध्ये सशाची गणना रवंथ करणाऱ्यांत केली आहे, आणि त्यावरून अनेक शतके वाद होत आला होता. ससा गायीसारखा रवंथ करत नाही. पण खाल्लेले दुसऱ्यांदा पोटात घेण्याची त्याची ही रीत रवंथाच्याच जवळची आहे. पुढच्याच वर्षी सदर्न यांनी रानातल्या सशांतही हे दाखवून दिले. रानातले ससे दिवसा बिळात विश्रांती घेताना हे काम करतात. इतके दिवस ते कुणाच्या नजरेस का पडले नाही, याचे उत्तर त्यातच आहे.

१९५३ मध्ये कुल्विच व सहकाऱ्यांनी दोन्ही लेंड्यांची तपासणी केली. मऊ लेंडीत 'ब' गटातील जीवनसत्त्वे कडक लेंडीपेक्षा कितीतरी अधिक होती. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणू, ती सशाची जीवनसत्त्वांची गोळीच होती.

आतड्यातली चाळणी

या दोन लेंड्या तयार होतात कशा? इथे सशाच्या शरीरातली खरी गंमत आहे.

गायीचे जंतूंच्या मदतीने होणारे पचन जठराच्या आधीच्या मोठ्या कप्प्यात होते. सशात ते आतड्याच्या शेवटाकडे, अंधनालात होते. लहान व मोठ्या आतड्याच्या जोडावरची ही बंद तोंडाची पिशवी. माणसात ती अगदी लहान असते. सशात ती पोटातला सर्वांत मोठा अवयव असते.

चावलेले अन्न इथपर्यंत आले की मोठ्या आतड्याचा पहिला भाग चाळणीसारखे काम करतो. तंतूंचे जाड तुकडे तो पुढे ढकलतो. त्यांच्याच कडक लेंड्या होतात. बारीक कण आणि द्रव मात्र तो उलट दिशेने, मागे अंधनालात पाठवतो. साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा लहान कण मागे जातात. अंधनालातले जंतू त्यांवर काम करतात, प्रथिने आणि जीवनसत्त्वे बनवतात. दिवसातून एकदोनदा हाच माल मऊ लेंडीच्या रूपाने बाहेर येतो आणि पुन्हा तोंडात जातो.

आता प्रश्न विचारू या. यात जाड चोथ्याचे काम काय? ससा तो फारसा पचवत नाही. गायीच्या मानाने तर फारच कमी पचवतो. मग तो पोषणाच्या दृष्टीने निरुपयोगीच ना? शास्त्रज्ञांना अनेक दशके असेच वाटत होते.

उत्तर उलटे आहे. चोथा पचत नाही म्हणूनच तो उपयोगी आहे. आतड्याला हलते ठेवण्याचे काम तो करतो. चोथा कमी पडला की आतडे मंदावते, अंधनालातला माल तिथेच कुजत राहतो. त्यातच धान्यातला न पचलेला स्टार्च तिथे पोचला, तर उपयोगी जंतूंचा समतोल बिघडतो आणि विष तयार करणाऱ्या जंतूंना मेजवानी मिळते. विशेषतः आईचे दूध नुकतेच सुटलेल्या पिल्लांत हा धोका मोठा. त्यात ससा ओकू शकत नाही. बिघडलेले बाहेर टाकण्याचा तो मार्गही त्याला बंद.

चोथा मोजायचा कसा?

खाद्याच्या पिशवीवर 'क्रूड फायबर' अशी नोंद असते. ही मोजणी १८६० च्या दशकात जर्मनीतल्या वेंडे या ठिकाणच्या कृषी प्रयोगकेंद्रात हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी रूढ केली. खाद्याचा नमुना आधी पातळ आम्लात, मग पातळ अल्कलीत उकळायचा. जे विरघळत नाही, त्यातून राख वजा केली की झाला चोथा. पद्धत सोपी, स्वस्त, आणि दीडशे वर्षांनंतरही पिशव्यांवर टिकून आहे. पण या उकळण्यात तंतूंचा काही भाग विरघळून जातो. म्हणजे पिशवीवरचा आकडा खऱ्या चोथ्यापेक्षा कमी असतो, आणि कोणत्या वनस्पतीत किती कमी, हेही सारखे नसते. ही उणीव १९६० च्या दशकात अमेरिकेत पीटर व्हॅन सूस्ट यांनी नवी, डिटर्जंट वापरून करायची पद्धत शोधून बरीच दूर केली.

दरम्यान सशाच्या आहाराची कोष्टके बनू लागली होती. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने काढलेल्या पुस्तिकेत वाढत्या सशाला १६ टक्के प्रथिने व १० ते १२ टक्के क्रूड फायबर सांगितले होते. नुसते सांभाळायच्या मोठ्या सशाला १२ टक्के प्रथिने व १४ टक्के फायबर. नंतरच्या संशोधनाने फायबरचा आकडा वरच सरकवला.

या कोष्टकात दोन सशांतला फरक नीट पाहा. वाढत्या सशाला प्रथिने जास्त, चोथा कमी. मोठ्याला उलट. मग बाजारातल्या बहुतेक कांड्या कोणासाठी बनल्या? दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात मांसासाठी ससेपालनाचा मोठा उद्योग उभा राहिला. १९७६ मध्ये फ्रान्समधील दिजाँ येथे पहिली जागतिक ससा परिषद भरली. आपल्याकडे राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने (स्थापना १९६२) मांस आणि लोकर यांसाठीच्या सशांवर काम केले. या उद्योगात ससा दोन-तीन महिन्यांत वजनाला यावा, ही अपेक्षा. कांडीतले प्रमाण त्या हिशोबाने ठरले. दिवाळ्यातल्या घरातला ससा मात्र आठ-दहा वर्षे जगायचा असतो. पिशवी एका आयुष्यासाठी लिहिलेली, आणि ती वाचणारे आपण दुसऱ्याच आयुष्यासाठी वाचतो.

उद्योगालाही याची किंमत मोजावी लागली. १९९६ च्या अखेरीस पश्चिम फ्रान्समध्ये वाढत्या सशांना पोट फुगून, आतडे थांबून मारणारा एक नवा रोग दिसला आणि पाहता पाहता युरोपभर पसरला. त्याचा नेमका कारक जंतू आजही निश्चित झालेला नाही. पण फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगांत एक गोष्ट स्पष्ट झाली. दूध सुटलेल्या पिल्लांना पोटभर कांडी न देता मोजून दिली आणि चोथा पुरेसा ठेवला, तर पोटाच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी होतात. जास्त खाऊ घालणे म्हणजे चांगले खाऊ घालणे नव्हे, हे शंभर वर्षांनंतर पुन्हा शिकावे लागले.

मग पिशवी कोणती?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल.

पहिली गोष्ट, मुख्य अन्न पिशवीत नसतेच. नाजूक पोटाच्या सशाच्या आहाराचा सुमारे ८० ते ८५ टक्के भाग वाळलेले गवत असावे, आणि ते दिवसरात्र समोर असावे. कांडी हा जोड. मोठ्या सशाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम ही वरची मर्यादा समजावी.

दुसरी, मिश्रण नको, एकसारखी कांडी हवी. मिश्रणातून ससा गोड व पिठूळ दाणे वेचून खातो आणि तंतूंचे घटक मागे ठेवतो. पिशवीवरचा आकडा मग पिशवीपुरताच खरा राहतो, सशाच्या पोटापुरता नाही.

तिसरी, आकडे वाचताना आधी क्रूड फायबर पाहावे. ते निदान १८ टक्के हवे. नाजूक पोटासाठी २० ते २५ टक्के बरे. मोठ्या सशाला प्रथिने १२ ते १४ टक्के पुरतात. घटकांच्या यादीत पहिले नाव गवताचे असावे. मका, गहू, काकवी यांचे नसावे. लसूणघास पौष्टिक आहे, पण तिच्यात कॅल्शियम जास्त. ससा आहारातले कॅल्शियम भरपूर शोषून घेतो आणि जादा झालेले मूत्रावाटे टाकतो. म्हणून लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोजची नको.

चौथी, गाईची गोळी पेंड किंवा कोंबडीचे खाद्य सशाला कधीही घालू नये. गाईच्या खाद्यात युरिया असू शकतो. कोंबडीखाद्यात कधीकधी मिसळलेली काही औषधे सशाला घातक असतात.

पाचवी, खाद्य एकदम बदलू नये. जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत निदान दहा दिवस घ्यावेत. अंधनालातल्या जंतूंना नव्या अन्नाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

सहावी गोष्ट खाडीकाठच्या हवेची. दमट हवेत कांडीला बुरशी लवकर धरते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे. अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध त्यातूनच लागला. ससा या विषाला फार संवेदनशील आहे. पावसाळ्यात लहान पिशवी आणावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि कुबट वास आला तर सरळ टाकून द्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ससा दहा-बारा तास काही खात नसेल किंवा लेंड्या बंद झाल्या असतील, तर कुठली पिशवी आणावी याचा विचार करत बसू नये. लगेच पशुवैद्याकडे न्यावे. माणसांची प्रतिजैविके तर घरच्या घरी कधीच देऊ नयेत. तोंडावाटे दिलेल्या पेनिसिलिनसारख्या औषधाने अंधनालातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

वर्गात करून पाहता येईल

दोन वेगवेगळ्या खाद्यांची थोडी थोडी पूड घ्या. एकेक चमचा पूड गरम पाण्यात भिजवून थंड होऊ द्या आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. जिथे स्टार्च जास्त, तिथे निळा-काळा रंग गडद येईल. दाण्यांचे मिश्रण आणि गवताची कांडी यांतला फरक विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल.

दुसरा प्रयोग. एक कांडी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी चहाच्या गाळणीतून ओता आणि नळाखाली धुवा. गाळणीवर तंतूंचे तुकडे उरतात, की सगळा गाळ पिठासारखा वाहून जातो? पिशवीवर फायबरचा आकडा मोठा असला, तरी ते फार बारीक दळले असेल तर सशाच्या आतड्यातली चाळणी त्याला मागे पाठवते. आतडे हलते ठेवण्याचे काम मग होत नाही. हे पिशवीवर कुठेच छापलेले नसते. गाळणीला मात्र ते कळते.

कुणाच्या घरी ससा असेल, तर त्याने आठवडाभर रोज सकाळी कडक लेंड्या मोजाव्यात, त्यांचा आकार लिहून ठेवावा. लहान, विरळ लेंड्या हा आतडे मंदावल्याचा पहिला निरोप असतो.

शेवटी त्या सशाकडे परत येतो. त्याच्या मागे चिकटणारे, त्याची आई रोज धुऊन काढत असलेले ते 'मऊ मऊ' म्हणजे बहुधा जुलाब नव्हतेच. त्या त्याच्या न खाल्लेल्या मऊ लेंड्या असाव्यात. प्रथिने आणि पिष्ट जास्त, चोथा कमी असा आहार मिळाला की ससा त्या पुरत्या खात नाही, मग त्या अंगाला चिकटतात. ज्या आहाराने तक्रार सुरू झाली, त्याचीच आणखी मोठी मात्रा मी सुचवली होती. मोरोने १८८२ मध्ये लिहिलेली गोष्ट मला ठाऊक असती, तर मी तिला आधी विचारले असते, "ससा गवत किती खातो गं?"

पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या भावाने ससा आणला, तेव्हा मी तोच प्रश्न विचारला. पावसाळा संपल्यावर पारसिकच्या टेकडीवर गवत पिवळे पडते. दोघांनी मिळून त्याचा एक भारा कापून आणला, गच्चीवर चांगला वाळवला आणि रिकाम्या ड्रममध्ये भरून ठेवला. कांड्यांची लहान पिशवी त्यांनी नंतर आणली.